हात वरून नको

घरात नुकताच आलेला कॉकटील पहिले काही दिवस एकाच गोष्टीचा अभ्यास करत असतो : इथे आपल्याला खाणारं कोण आहे आणि ते कुठून येईल. घरातली माणसं त्याच वेळी त्याचं नाव ठरवण्यात, व्हिडिओ काढण्यात आणि ‘अगं, हातावर घेऊन तर बघ’ म्हणून एकमेकांना भरीस घालण्यात दंग असतात. शेवटी कोणीतरी धीर करून पिंजऱ्याचं दार उघडतं, वरच्या अंगाने हात आत घालतं, आणि पक्षी फडफडत मागच्या जाळीला जाऊन चिकटतो. तुरा मागे चपटा, चोच उघडी, घशातून सापासारखा फुत्कार. ‘चिडका निघाला,’ असा निकाल लागतो आणि दुकानदाराला फोन जातो.

चिडण्याचा इथे संबंध नाही. वरून येणारी वस्तू म्हणजे मरण, एवढं त्याला जन्मतःच ठाऊक असतं आणि ते ज्ञान तो ऑस्ट्रेलियातून घेऊन आलेला असतो. त्या खंडाचा किनारा सोडून आत गेलं की कोरडी माळरानं लागतात. पाऊस कधी पडेल, कुठे पडेल, याचा तिथे नेम नसतो. कॉकटीलांचे थवे या मुलखात पाण्याच्या आणि दाण्याच्या मागावर भटकत राहतात. गवताचं बी ते जमिनीवर उतरून टिपतात. पाण्यावर उतरतात तेही घाईघाईने, चार घोट घेऊन लगेच उडतात. पक्षी जेमतेम एक फूट लांब, त्यातली निम्मी लांबी शेपटीची. वजन ऐंशी ते सव्वाशे ग्रॅमच्या आत. अशा जिवाने जमिनीवर चरताना एक डोळा आभाळाकडे ठेवला नाही, तर ससाणा त्याला दुसरा दाणा टिपू देत नाही.

गंमत अशी की, आपल्याकडच्या पिंजऱ्यांतल्या एकाही कॉकटीलने ऑस्ट्रेलिया पाहिलेला नसतो. त्या देशाने 1960 च्या सुमारास आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. आज जगभर विकले जाणारे कॉकटील पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची पोरं-नातवंडं-पतवंडं आहेत. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या पिल्लाच्या आज्या-पणज्यांनीही ससाणा पाहिलेला नसेल. भीती मात्र शाबूत आहे.

तशी ती राहणारच, कारण माणसाच्या संगतीत या पक्ष्याला फार काळ झालेला नाही. रॉबर्ट कर यांनी 1792 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. जॉन गुल्ड आणि त्यांची चित्रकार पत्नी एलिझाबेथ 1838 मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले, दोन वर्षं तिथले पक्षी पाहत, टिपत, रंगवत राहिले, आणि त्यानंतरच युरोपात या पक्ष्याचा बोलबाला झाला. एलिझाबेथ 1841 मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेली. तिच्या एका तैलचित्रात तिच्या हातावर कॉकटील बसलेला आहे. नवऱ्याच्या जाडजूड ग्रंथांतली शेकडो चित्रं जिने काढली, तिची ओळख म्हणून चित्रकाराने कुंचला दाखवला नाही, पक्षी दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात पिंजऱ्यांतून त्यांची वीण सुरू झाली. म्हणजे सगळा हिशेब पावणेदोनशे वर्षांचा. कुत्र्याला माणसाच्या दाराशी येऊन हजारो वर्षं झाली आणि त्या काळात माणसाने सतत मवाळ, ऐकणारी कुत्री निवडली. कॉकटीलच्या बाबतीत निवड झाली ती रंगांची. 1950 च्या आसपास कॅलिफोर्नियात पांढऱ्या ठिपक्यांचा पाईड आला, 1958 मध्ये फ्लोरिडात पिवळसर पांढरा, लाल डोळ्यांचा ल्युटिनो आला, पुढे पर्ल आणि व्हाईटफेस. पिसं बदलली, पिसांखालचा पक्षी माळरानातलाच राहिला. म्हणून कॉकटील माणसाळवणं म्हणजे एका रानपक्ष्याची मर्जी मिळवणं. ती मर्जी दर पक्ष्यागणिक नव्याने मिळवावी लागते. वारशाने काही मिळत नाही.

आपल्याकडे कॉकटीलला घरोघरी जागा मिळाली याचं एक कारण कायद्यात आहे. ज्या पोपटाला मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ओसरीवर टांगून ‘विठू विठू’ शिकवलं, तो आपला हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाळता येत नाही. आजही कैक घरांत तो असतो आणि घरच्यांना आपण गुन्हा करतोय याची कल्पनाही नसते, हा भाग वेगळा. परदेशी पक्ष्यांना हा कायदा पूर्वी लागू नव्हता. 2022 च्या दुरुस्तीनंतर मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे मंडळींची नोंदणी करणं बंधनकारक झालं, कारण ते ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. त्या यादीत पोपटवर्गातले जवळजवळ सगळे पक्षी येतात. वगळलेल्या दोन-चार जातींत बजरीगर आणि कॉकटील आहेत. सबब मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या मत्स्यालयाच्या दुकानापर्यंत कॉकटील उघडपणे मिळतो.

दुकानात त्याची प्रतवारी ऐकू येते : ‘हँड टेम’, ‘सेमी टेम’, ‘ब्रीडर पेअर’. हँड टेम म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू आईबापांपासून काढून, सिरिंजने पातळ खाणं भरवून वाढवलेलं. असं पिल्लू लगेच खांद्यावर चढतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ही सोय फुकट मिळत नाही. खाणं जरा जास्त गरम झालं की पिल्लाची गळ्यातली अन्नाची पिशवी भाजते. अर्धवट भरवायला शिकलेल्या नवख्या माणसाच्या हातून हे हटकून घडतं. तेव्हा ‘अजून खायला शिकला नाही, तुम्हीच भरवा’ असं सांगून विकलं जाणारं पिल्लू घेऊच नये. शिवाय पक्ष्याच्या मनावरही त्याचा ठसा राहतो. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉकटीलवर पुष्कळ काम झालं आहे. हाताने वाढवलेले आणि आईबापांनी वाढवलेले पक्षी तिथे शेजारी शेजारी अभ्यासले गेले. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाताने वाढलेल्या नरांच्या जोड्यांची अंडी कमी फळली, आणि हाताने वाढलेल्या माद्या घरट्याची पेटी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घालत राहिल्या. माणसांत रमलेला पक्षी पक्ष्यांत थोडा अडाणी राहतो. ज्याला पुढे वीण घ्यायची नाही त्याला याचं सुतक नाही, पण आईबापांनी वाढवलेलं पिल्लूही माणसाळतं, फक्त उशिरा, एवढं तरी गिऱ्हाइकाला माहीत असावं.

ते माणसाळतं कसं, यात जादू काही नाही. पिंजरा भिंतीला टेकवून, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही याची त्याला खात्री पटते. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. पहिले काही दिवस दाणापाणी बदलण्यापलीकडे आत हात घालायचा नाही. शेजारी खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचला तरी चालतो. अग्रलेख पक्ष्यालाही अपाय करत नाही. टक लावून बघायचं नाही. दोन्ही डोळे समोर रोखून बघणारं तोंड शिकाऱ्याचं असतं. मान थोडी वळवून, तिरकं बघितलेलं त्याला सोसतं.

मग येतं राळ्याचं कणीस. पूर्वी आपल्याच शेतात पिकणारा, भात म्हणून शिजवून खाल्ला जाणारा हा राळा आता ‘मिलेट स्प्रे’ या नावाने पाकिटातून विकला जातो. कॉकटीलचा त्याच्यावर जीव असतो. इथे शिस्त अशी की, हे कणीस पिंजऱ्यात टांगून ठेवायचं नाही. ते फक्त माणसाच्या हातूनच मिळालं पाहिजे. सुरुवातीला जाळीतून, कणसाचं लांबचं टोक. पक्षी मान ताणून एक दाणा तोडेल आणि मागे सरेल. तिथेच थांबायचं. पुढच्या वेळी कणीस थोडं आखूड धरायचं. मग दार उघडून, मग तळव्यावर, मग असं की कणसापर्यंत पोचायला त्याला एक पाय बोटावर टाकावाच लागेल. हात कायम खालून, छातीच्या पातळीवर, दिसेल असा. तीन-चार मिनिटांचा पाठ, दिवसातून दोनदा, खाण्याच्या वेळेच्या थोडं आधी. जास्त वेळ लावून लवकर साधत नाही.

जुन्या पुस्तकांत सांगितलेलं असतं की बोट पोटाच्या खालच्या बाजूला लावून हलकेच दाबावं, म्हणजे तोल जाऊन पक्षी बोटावर चढतो. चढतो खरा. पण ज्या प्रशिक्षकांचे पक्षी मोकळ्या आभाळाखाली उडून परत हातावर येतात, ते असं करत नाहीत. बोट समोर धरून थांबतात. आला तर दाणा, नाही आला तर बोट काढून घेतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. नको म्हटल्यावर हात मागे जातो, हे एकदा कळलं की पक्ष्याला नको म्हणायला चावावं लागत नाही.

चावणं ही त्याची शेवटची पायरी असते. त्याआधी तो चांगला चार-पाच वेळा बोललेला असतो, आणि बोलण्यासाठी त्याच्याकडे तुरा आहे. ताठ उभा तुरा म्हणजे दचकलाय, नाहीतर कान टवकारून काहीतरी निरखतोय. अर्धवट मागे कललेला, टोकाशी किंचित वर वळलेला तुरा म्हणजे सगळं ठीक आहे. पार चपटा तुरा, अंग पुढे, पिसं आवळलेली आणि फुत्कार, म्हणजे मागे व्हा. संध्याकाळी एका पायावर उभा राहून, डोळे अर्धे मिटून तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासू लागला आणि करकर आवाज आला, की साहेब झोपायला निघाले. हे सगळं नजरेआड करून जो बोट पुढे रेटतो त्याला चावा बसतो. मग माणूस किंचाळून हात झटकतो. किंचाळल्याने पक्ष्याला एक नाट्यप्रवेश फुकट बघायला मिळतो, झटकल्याने हात ही भरवशाची जागा राहत नाही. दोन्ही टाळून, त्याला गुपचूप खाली उतरवून पाठ तिथेच संपवणं हा उपाय आहे. सोपा नाही, एवढीशी चोच चांगली लागते.

बक्षिसाने शिकवण्याचं शास्त्र अमेरिकेत गेल्या शतकात आकाराला आलं. बी. एफ. स्किनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवलं. कबुतरांनी बॉम्ब मार्गी लावावा अशी ती योजना होती. सैन्याने ती शेवटी वापरली नाही. त्या कामातले त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी पुढे जनावरं शिकवण्याचा धंदाच काढला, आणि 1955 मध्ये आर्कान्सा राज्यात ‘आयक्यू झू’ उघडलं. तिथे कोंबड्या नाचत आणि ससे, बदकं नाना करामती करत. बरोबर केल्याच्या क्षणी ‘टक’ असा आवाज, पाठोपाठ दाणा : आज कॉकटीलचे शौकीन वापरतात ती पद्धत या घराण्याची आहे. वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नसते, बॉलपेनचं बटण पुरतं. आइस्क्रीमची काडी समोर धरायची. पक्ष्याने चोच लावली की टक, आणि दाणा. काडीमागे तो चालू लागला की त्याला वळवता येतं, गोल फिरवता येतं, हात न लावता पिंजऱ्यात परत नेता येतं. हे शेवटचं सर्वांत उपयोगी, आणि कोणी त्याचा व्हिडिओ टाकत नाही.

याच ब्रेलंड दांपत्याने 1961 मध्ये एक लेख लिहून आपल्याच गुरूच्या सिद्धान्ताला टाचणी लावली. डुकराला त्यांनी लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं होतं. काही दिवस ते झकास चाललं. मग डुक्कर नाणं वाटेतच खाली टाकून नाकाडाने उकरू लागलं, उडवू लागलं, पुन्हा उकरू लागलं. बक्षीस लांबत होतं, भूक वाढत होती, तरी उकरणं थांबेना. शिकवलेलं हळूहळू जातीच्या स्वभावाकडे घसरत जातं, असं त्यांनी लिहिलं. कॉकटील पाळणाऱ्याने हा लेख वाचला नसला तरी त्याचा अनुभव तो रोज घेत असतो.

आणि अमेरिकेचं एवढं कौतुक कशाला? आपल्या जत्रांतून, देवळांच्या दारांतून पोपटवाले ज्योतिषी बसत आले. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येई, पाकिटांच्या ओळीवरून चाले, एक पाकीट चोचीने ओढून देई, दाणा घेई आणि आपण होऊन आत जाई. एकामागून एक जोडलेल्या चार कृती, शेवटी बक्षीस. स्किनरचं नावही न ऐकलेल्या माणसांनी हे बसवलेलं होतं. फक्त त्या पोपटाचे पंख कापलेले असत, आणि त्याने पाकीट ओढायला नको म्हटलं तर काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नसे.

पंख कापण्याचा वाद कॉकटीलवाल्यांतही आहेच. उडता येत नाही म्हणून पक्षी लवकर हातावर येतो, असं कापणारे म्हणतात. येतो, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. दचकल्यावर तो उडायला जातो, दगडासारखा पडतो आणि छातीचं हाड दुखावून घेतो. ज्या घरात खिडक्यांना जाळ्या नाहीत आणि लहान मुलं दारं सताड उघडी टाकतात, तिथे कापण्यामागची काळजी समजते. पण जाळ्या बसवता येतात.

शिकवायला सर्वांत सोपं ते जे तो मुळात करतच असतो. बोलण्यात कॉकटील सुमार. पोपटपंचीची हौस असेल त्याने दुसरा पक्षी बघावा. शीळ मात्र नराची जन्मजात. रानातल्या राखी रंगाच्या जातीत पिवळाधमक चेहरा आणि ठसठशीत नारिंगी गाल नराचे, मादी फिकी. आणि घरात आरशासमोर, चकचकीत स्टीलच्या पेल्यासमोर, कधी स्वतःच्या पायाच्या नखांकडे बघत पंख खांद्यापासून किंचित उचलून मैफल जमवतो तो नरच. कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोनची रिंग तो आपण होऊन उचलतो. चित्रपटगीताची एक ओळ शिकवली तर महिन्याभरात ती येते, पण मधेच कुकर घुसतो. जपानमधल्या आइची विद्यापीठाचे योशिमासा सेकी यांनी 2021 मध्ये याहून नवलाची गोष्ट मांडली. त्यांच्या हाताने वाढवलेले कॉकटील ‘मिकी माऊस मार्च’ शिकले होते. ध्वनिमुद्रण लावलं की ते नुसतं ऐकून मागाहून म्हणत नसत; त्याच्या सोबतीने, वेळ जुळवून घेत, सुरात सूर मिसळत. एकामागून एक बोलणारे पक्षी पुष्कळ आहेत, बरोबरीने गाणारे थोडे.

हे बरोबरीचं वेड थव्याचं आहे. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की बाकीचे हाक देतात, तो उत्तर देतो, सगळे निश्चिंत होतात. घरातला माणूस आंघोळीला गेला की कॉकटील तीच हाक देतो. उत्तर आलं नाही की मोठ्याने देतो. तरीही आलं नाही की किंचाळतो. शेवटी माणूस साबणाच्या हातांनी बाहेर येऊन ‘गप्प बस!’ म्हणून ओरडतो, आणि पक्ष्याला हवं होतं ते मिळतं : उत्तर. पुढच्या वेळी तो थेट किंचाळण्यापासून सुरुवात करतो. यावर पिंजऱ्यावर चादर टाकणं हा उपाय नव्हे. पहिल्या, हळू हाकेला आतूनच एक ठरलेली शीळ द्यावी. दोन सूर पुरतात.

माणसाळल्याची खरी खूण बोटावर बसणं ही नव्हेच. दाण्यासाठी तो कोणाच्याही बोटावर बसेल. खूण अशी की, एका दुपारी पक्षी हाताशी येतो, डोकं खाली घालतो आणि मानेची पिसं फुलवून तसाच थांबतो. स्वतःचं सगळं अंग त्याला चोचीने साफ करता येतं, डोकं आणि मान सोडून. तिथे थव्यातला जोडीदारच लागतो. पिसं बदलण्याच्या दिवसांत या जागी बारीक काट्यांसारख्या पांढऱ्या नळ्या दिसतात. प्रत्येकीत एक नवं पीस गुंडाळलेलं असतं. नखाच्या कडेने, अगदी हलकेच, पिसांच्या उलट दिशेने खाजवलं की नळीचं टरफल भुगा होऊन बोटावर उतरतं आणि आतलं पीस उलगडतं. कोवळी नळी दुखते. तिला बोट लागलं तर ‘च्यक्’ असा आवाज येतो आणि चोच वळते, पण चावत नाही, नुसती बाजूला सारते. मग पक्षी मान फिरवून नारिंगी गाल पुढे करतो. त्या गोल ठिपक्याखाली कान असतो. पिसं बाजूला झाली की ते उघडं, नाजूक भोक दिसतं. शिकार होणाऱ्या जिवाने डोळे मिटून कान तुमच्या बोटाखाली दिलेला असतो.

मोह होतो तो हात मानेवरून पाठीवर नेण्याचा. मांजराला आवडतं म्हणून यालाही आवडेल असं वाटतं. पाठीवरून, पंखांखालून फिरणारा हात पोपटवर्गात मीलनाचं आमंत्रण समजला जातो, आणि इथून माद्यांच्या दुखण्याची गोष्ट सुरू होते. माळरानात या पक्ष्याची वीण पावसामागून होते : पाणी आलं, गवत दाण्यावर आलं, झाडाची ढोली सापडली की चार ते सात अंडी, दिवसा नर उबवणार, रात्री मादी. आपल्या घरात पाणी बारमाही, दाणा बारमाही, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट म्हणजे दिवस लांबलचक, आणि सोफ्याखाली, कपाटाच्या अर्धवट उघड्या खणात हव्या तेवढ्या ढोल्या. मादीच्या शरीराला वाटतं, असा सुकाळ पुन्हा यायचा नाही. ती एकटी असली तरी अंडी घालते, घालत राहते. हाडांतलं कॅल्शियम संपतं, अंडं अडतं, आणि अडलेलं अंडं काही तासांत जीव घेऊ शकतं. म्हणून दहा-बारा तासांचा अंधार, अंधाऱ्या कोपऱ्यांना बंदी आणि पाठीवर हात नाही, हे तिघे मिळून औषध. मालिका पाहणाऱ्या घरात यातलं पहिलं सर्वांत अवघड.

अंधारही पूर्ण नको. कॉकटीलला रात्री दचकण्याची खोड असते. सावली हलली, कुठे भांडं पडलं की तो अंधारात वाट दिसेल तिकडे झेपावतो आणि जाळीवर आपटून पंखांची पिसं रक्तबंबाळ करून घेतो. झिरोचा बल्ब यावर पुरतो. दिवाळीच्या चार रात्री मात्र पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, आणि कोणीतरी जवळ असलेलं बरं.

परदेशी पुस्तकांत सहसा नसलेला एक धोका आपल्या प्रत्येक छताला लटकलेला असतो. फिरता पंखा पक्ष्याला दिसत नाही. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंख्याचं बटण बंद, हा नियम घरातल्या पाहुण्यांसकट सर्वांनी पाळायचा, मे महिन्यातही. दुसरा धोका नॉनस्टिक तव्याचा. तो रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवण्याआधी पक्ष्याला मारतो, शेजारच्या खोलीतल्यासुद्धा. ॲव्होकाडो आणि चॉकलेट विषच. शिवाय काकाकुवांच्या कुळातला असल्याने याच्या अंगातून पांढरी भुकटी झडते आणि टीव्हीच्या काळ्या काचेवर रोज दिसते. घरात दम्याचा माणूस असेल तर हा पक्षी त्या घरासाठी नाही. आणि पक्षी पाळणाऱ्याला लांबलेला ताप-खोकला झाला, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगावं, कारण सिटॅकोसिस नावाचा आजार यांच्याकडून माणसाला होतो.

एवढं सगळं सांभाळलं तर कॉकटील पंधरा ते वीस वर्षं जगतो, काही त्याहूनही जास्त. घरात पक्षी आणायचा हट्ट बहुतेक वेळा सातवी-आठवीतल्या मुलाचा असतो. पक्षी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हा ते मूल इंजिनीअरिंगला दुसऱ्या गावी गेलेलं असतं, आणि हाक मारायला थव्यात उरतात ती आजी, आजोबा आणि दुपारी घरी असणारी माणसं. तेव्हा कॉकटील घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी त्यांना विचारा. त्यांची हरकत नसेल, तर पंख्याच्या बटणावर आजच एक चिठ्ठी चिकटवून टाका.